एमबीबीएससाठी मुलीला परदेशी पाठवावं का? देश निवडण्याआधीचे हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीला नीटमध्ये ३८५ गुण आहेत. महाराष्ट्राचं डोमिसाइल, ओबीसी नॉन-क्रीमी लेअर, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. सरकारी कॉलेज मिळेल असं वाटत नाही. एका कन्सल्टन्सीनं किर्गिझस्तानचं २४ लाखांचं आणि रशियाचं ३२ लाखांचं पॅकेज सांगितलंय आणि आठ दिवसांत ५० हजार भरून जागा पक्की करा, असा लकडा लावलाय. दोन्हींपैकी कोणता देश बरा, आणि पैशासाठी शेत विकायचं की कर्ज काढायचं, असं तुम्ही विचारलंय.

देशाकडे मी शेवटी येतो, कारण देश ठरवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. तुमच्यापुढचा खरा प्रश्न असा, की आज पहिला हप्ता भरल्यापासून मुलीच्या हातात महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं कायम रजिस्ट्रेशन पडेपर्यंत किती वर्षं जातील, किती पैसे जातील, आणि मधल्या प्रत्येक चाळणीतून ती पार पडेल याची खात्री किती. परदेशात प्रवेश मिळणं अवघड नाही. नीट पात्र असलेल्या जवळपास कुणालाही तो मिळतो. बहुतेकांचं अडतं ते परत आल्यावर.

आधी ती आठ दिवसांची घाई डोक्यातून काढा. परदेशी प्रवेशासाठी नीटचा निकाल लागल्यापासून तीन वर्षं ग्राह्य असतो. म्हणजे मुलीनं यंदा प्रवेश घेतला नाही, एक वर्ष पुन्हा तयारी केली आणि पुढच्या वर्षी गुण वाढले नाहीत, तरी आजच्या निकालावर परदेशाचं दार उघडंच राहतं. एजंट हे सांगत नाही, कारण त्याचं कमिशन या वर्षीच्या प्रवेशावर असतं. ‘जागा संपत आल्या’ हे वाक्य भारतातल्या राउंडना लागू पडतं, किर्गिझस्तानची राजधानी बिश्केकला नाही.

दुसरं, घरची दारं खरंच बंद आहेत का, ते बघा. नुसत्या गुणांवरून अंदाज बांधू नका, ऑल इंडिया रँकवरून बांधा. २०२४ ला कित्येकांना ७२० पैकी ७२० मिळाले होते. २०२५ चा पेपर इतका अवघड गेला, की देशात पहिल्या आलेल्याचे गुण ६८६ होते. त्यामुळे गेल्या वर्षी अमक्या गुणांना अमकं कॉलेज लागलं, ही तुलना निरुपयोगी ठरते. राज्यातले प्रवेश पाहणाऱ्या सीईटी सेलच्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या कॅप राउंडच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या, याद्या पीडीएफमध्ये मिळतात. त्यात शेवटच्या राउंडपर्यंत, अगदी रिक्त जागांच्या राउंडपर्यंत, ओबीसी मुलींची शेवटची रँक कुठपर्यंत गेली ते कॉलेजवार लिहून काढा. एका संध्याकाळचं काम आहे आणि कुठल्याही समुपदेशकाच्या अंदाजापेक्षा जास्त उपयोगी.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आलीच नाही, ती खासगी कॉलेजची. बहुधा फी ऐकूनच तुम्ही तो रस्ता सोडला असेल. फी मोठी आहे खरी. एफआरएनं, म्हणजे राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणानं, ठरवलेली फी कॉलेजनुसार वर्षाला साधारण सात-आठ लाखांपासून पंधरा-वीस लाखांपर्यंत जाते. पण जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, आणि त्यात वैद्यकीय शिक्षणही येतं. प्रवेश मात्र कॅपमधूनच हवा. संस्थात्मक किंवा मॅनेजमेंट कोट्याला आणि खासगी अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस हे तुमच्याकडेच राहतं. तरीही तुमच्या उत्पन्नात बसणाऱ्या मुलीला खासगी कॉलेजची कॅपची जागा परदेशापेक्षा कितीतरी स्वस्त पडू शकते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर आणि डोमिसाइल ही तीन कागदं आत्ताच काढून ठेवा. प्रवेशाच्या वेळी कॉलेज नेमकी किती रक्कम आगाऊ मागतं, ते लेखी विचारा.

हेही जमत नसेल, तर प्रश्न उरतो रिपीट की परदेश. इथे तुम्ही एकूण गुण दिलेत, पण मला विषयवार गुण हवे आहेत. बायोलॉजी ३६० चं, फिजिक्स आणि केमिस्ट्री १८०-१८० ची. ३८५ मध्ये बायोलॉजी २८० असेल आणि फिजिक्स ३५ असेल, तर ही मुलगी एका विषयात अडकली आहे. वर्षभरात फिजिक्स शंभरावर नेणं शक्य असतं आणि तेवढ्यानं तिचं चित्र बदलतं. उलट तिन्ही विषयांत सारखीच निम्म्यावर अडकली असेल, त्यातही हा तिचा दुसरा किंवा तिसरा प्रयत्न असेल आणि टेस्ट सिरीजचा आलेख सहा महिने सपाट असेल, तर आणखी एका वर्षानं फारसा फरक पडत नाही. तिचे गेल्या पंधरा-वीस मॉक टेस्टचे गुण तारखेनुसार मांडून बघा. चढ आहे की नाही, ते कागदच सांगेल.

‘वर्ष वाया जाईल’ ही भीती मी नेहमी ऐकतो, म्हणून वयाचा हिशोब मांडतो. अठराव्या वर्षी परदेशी गेलेली मुलगी सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी पदवी घेते. मूळ डिग्री, ट्रान्सक्रिप्ट आणि अपोस्टिल (कागद खरे असल्याचा सरकारी शिक्का) हातात पडायला दोन-तीन महिने जातात. मग जून किंवा डिसेंबरची स्क्रीनिंग परीक्षा, म्हणजे एफएमजीई; परदेशी पदवीवर भारतात रजिस्ट्रेशन हवं तर ती पास व्हावी लागते. पहिल्याच प्रयत्नात पास झाली तरी त्यानंतर प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशन, इंटर्नशिपच्या जागेची वाट पाहणं, मग बारा महिन्यांची इंटर्नशिप. सगळं सुरळीत झालं तर कायम रजिस्ट्रेशनपर्यंत ती सव्वीस-सत्तावीसची होते. एक प्रयत्न हुकला, की सहा महिने वाढले. भारतात एक वर्ष रिपीट करून जागा मिळवलेली मुलगी साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून साडेचोविसाव्या वर्षी मोकळी होते. परदेशी जाऊन वर्ष वाचत नाही, उलट दीड ते अडीच वर्षं जास्तच लागतात.

आता मुख्य चाळणी. एफएमजीई २००२ पासून आहे. तिच्या जागी नेक्स्ट, म्हणजे भारतातल्या आणि परदेशी पदवीधरांना एकच परीक्षा, यायची होती. जाहीर झाली, पुढे ढकलली गेली, आणि तोवर एफएमजीईच चालू आहे. ३०० प्रश्न, दोन भागांत १५०-१५०, प्रत्येकी अडीच तास. निगेटिव्ह मार्किंग नाही. पास व्हायला १५० गुण. ऐकायला सोपं वाटतं. पण एका फेरीला बसलेल्यांपैकी जून २०२३ मध्ये साधारण १० टक्के, डिसेंबर २०२४ मध्ये साधारण २९ टक्के आणि जून २०२५ मध्ये साधारण १९ टक्के पास झाले. हे आकडे वाचताना एक भान ठेवा: यात तीन-चारदा बसलेलेही मोजलेले असतात, त्यामुळे कधी ना कधी पास होणाऱ्यांचं प्रमाण यापेक्षा जास्त असतं. पण पहिल्या फेरीत सुटेल असं गृहीत धरून पैशाचं नियोजन करण्याइतके हे आकडे चांगले नाहीत.

इतके का नापास होतात, ते पेपरच्या रचनेत दिसतं. अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीला प्रत्येकी १७ गुण, पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजीला १३-१३, फॉरेन्सिकला १०. म्हणजे शंभर गुण पहिल्या दोन-तीन वर्षांच्या विषयांचे, जे सहाव्या वर्षापर्यंत पुसट झालेले असतात. उरलेल्या दोनशेत मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग-प्रसूती ३०, बालरोग, नेत्र आणि कान-नाक-घसा १५-१५, सायकिअॅट्री, त्वचा, ऑर्थो, भूल, रेडिओलॉजी, रेडिओथेरपी ५-५. आणि पीएसएम, म्हणजे कम्युनिटी मेडिसिन, तब्बल ३०.

या पीएसएमवर जरा थांबतो, कारण अनेकांचं गणित इथे फसतं. त्यात विचारतात भारताचं लसीकरणाचं वेळापत्रक, क्षयरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम, उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र किती लोकसंख्येमागे, आशा सेविकेचं काम, माता-बाल आरोग्याच्या योजना. फॉरेन्सिकचे १० गुण भारतीय कायद्याशी बांधलेले. रशियात किंवा मध्य आशियात हे कुणी शिकवत नाही, आणि शिकवावं अशी अपेक्षाही नाही. म्हणजे ३०० पैकी ४० गुण असे आहेत, जे तिथल्या प्रत्येक विषयात पहिली आलेली मुलगीही स्वतः भारतीय पुस्तक उघडल्याशिवाय मिळवू शकत नाही. साप, मलेरिया, डेंग्यू, कुपोषण यांचे रुग्ण तिथल्या वॉर्डात दिसत नाहीत, तेही पुस्तकातूनच करायचं. जी मुलं पास होतात, ती बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून भारतीय पुस्तकं आणि प्रश्नसंच सोबत ठेवून दोन अभ्यास समांतर चालवतात. सहाव्या वर्षी क्लास लावून एकोणीस विषय उरकू म्हणणारी अडकतात. पॅकेजमध्ये ‘एफएमजीई कोचिंग मोफत’ लिहिलेलं असतं, तेव्हा विचारा: कोणत्या वर्षापासून, आठवड्याला किती तास, कोण शिकवतं, आणि गेल्या बॅचचे किती पास झाले?

एक कडवट गोष्टही स्पष्ट बोलायला हवी. २०२५ मध्ये खुल्या गटाचा पात्रता गुण १४४ होता, ओबीसीसाठी ११३. म्हणजे ७२० पैकी ११३ गुणांवरही परदेशी जाता येतं. अकरावी-बारावीच्या तीन विषयांत पंधरा-वीस टक्के मिळवणाऱ्यानं सहा वर्षांनी एकोणीस विषयांत पन्नास टक्के मिळवायचे, तेही बऱ्याचदा सैल परीक्षापद्धतीतून बाहेर पडल्यावर. काही जमवतात, पण अपवाद म्हणूनच. नापासांच्या आकड्यात हा गट मोठा आहे. तुमची मुलगी ३८५ वर आहे, या गटात नाही, आणि म्हणूनच तुमच्या प्रश्नाला सरळ ‘नको’ असं उत्तर देता येत नाही. माझ्याकडे विचारायला येणाऱ्यांत नीट अडीचशेच्या खाली असेल, तर मी बहुतेक वेळा परदेशी वैद्यकीय शिक्षणापासून परावृत्तच करतो.

भाषेचा मुद्दा एजंट ‘इंग्लिश मीडियम’ या दोन शब्दांत संपवतो. पहिली दोन-अडीच वर्षं ते ठीक चालतं. चौथ्या वर्षी मुलं वॉर्डात जातात तेव्हा काय होतं ते बघा. खाटेवरची बाई फक्त रशियन किंवा किर्गिझ बोलते. भोवती पंधरा विद्यार्थी. शिक्षक तिच्याशी त्यांच्या भाषेत दहा मिनिटं बोलतात, मग मुलांकडे वळून इंग्रजीत चार वाक्यांत केस सांगतात: पोटात दुखणं तीन दिवसांपासून, ताप, निदान अमुक. दुखणं नेमकं कुठून सुरू झालं, कुठे सरकलं, काय खाल्ल्यावर वाढलं, हे विचारायची आणि उत्तरातून निदानाकडे जायची सगळी प्रक्रिया मुलांच्या डोक्यावरून गेली. हिस्टरी घेणं हा डॉक्टरकीचा पाया, आणि तो भाषेशिवाय शिकताच येत नाही. त्यामुळे पहिल्या दिवसापासून रशियन नेटानं शिकायची तयारी आहे का, हे मुलीला विचारा. रोज एक तास, तीन वर्षं. तेवढी तयारी असलेली मुलं वॉर्डात खरंच शिकतात, आणि ती फार थोडी असतात.

आता नियम. परदेशी पदवीधरांसाठीचे एनएमसीचे, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे, नियम १८ नोव्हेंबर २०२१ पासून लागू आहेत, आणि त्यातली एकही अट चुकली तर एफएमजीई पास होऊनही रजिस्ट्रेशन अडू शकतं. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा. त्याशिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच विद्यापीठात. शिक्षणाचं माध्यम इंग्रजी. संपूर्ण शिक्षण, प्रशिक्षण आणि इंटर्नशिप एकाच संस्थेत. अधलामधला कोणताही भाग भारतात किंवा तिसऱ्या देशात नाही. नेमून दिलेल्या विषयांत प्रत्यक्ष क्लिनिकल प्रशिक्षण. त्या पदवीवर त्या देशात तिथल्या नागरिकाप्रमाणेच प्रॅक्टिसचं लायसन्स मिळण्याची पात्रता. परत आल्यावर भारतात आणखी १२ महिने इंटर्नशिप. आणि हे सगळं प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत.

या अटी लक्षात ठेवून तुमची पॅकेजं तपासा. किर्गिझस्तानात परदेशी मुलांसाठी पाच वर्षांचा अभ्यासक्रम चालत आला आहे, तर स्थानिकांचा सहा वर्षांचा. पाच वर्षं म्हणजे ६० महिने. त्यात ५४ अधिक १२ बसत नाहीत. काही ठिकाणी आता सहावं वर्ष जोडलं जातं, पण ते इंटर्नशिप म्हणून त्याच विद्यापीठाच्या रुग्णालयात होतं की ‘भारतात जाऊन करा’ म्हणतात, ते पाहायला हवं. स्थानिकांची आणि परदेशी मुलांची पदवी वेगवेगळी असेल तर लायसन्सची अटही धोक्यात येते. रशियात सहा वर्षांचा अभ्यासक्रम सरळ आहे, पण काही विद्यापीठांत पहिली तीन वर्षं इंग्रजी आणि पुढे रशियन, असा प्रकार असतो. तो इंग्रजी माध्यमाच्या अटीत बसत नाही. ‘आवडलं नाही तर दुसऱ्या वर्षी चांगल्या विद्यापीठात ट्रान्सफर करून देऊ’ असं कुणी म्हणालं तर तिथेच उठा, कारण एकाच संस्थेची अट त्यानं मोडते.

‘एनएमसी मान्यताप्राप्त’ या शिक्क्याबद्दलही एकदाच सांगतो. एनएमसी परदेशी विद्यापीठांची मान्यतायादी काढतच नाही. आंतरराष्ट्रीय डिरेक्टरीत नाव असणं म्हणजे ती संस्था अस्तित्वात आहे, एवढंच. अटी पूर्ण होतात की नाही ते तपासायची जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकलेली आहे. म्हणून विद्यापीठाकडून, एजंटकडून नव्हे, विद्यापीठाच्या अधिकृत ईमेलवरून लेटरहेडवर ही माहिती मागवा: शिकवण्याचे महिने आणि इंटर्नशिपचे महिने वेगवेगळे, पहिल्या ते शेवटच्या वर्षापर्यंतचं माध्यम, क्लिनिकल पोस्टिंग कोणत्या रुग्णालयांत आणि प्रत्येक विषयाला किती आठवडे, आणि पदवीधराला त्या देशात लायसन्स मिळतं का, कोणत्या टप्प्यांतून. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही किंवा मोघम आलं, तर ते विद्यापीठ यादीतून काढा.

निकाल तपासायलाही एक चांगलं साधन आहे. एफएमजीई घेणारं मंडळ विद्यापीठवार निकाल प्रसिद्ध करतं: किती बसले, किती पास. एजंट दाखवेल त्या ‘८० टक्के निकाला’ऐवजी हे तक्ते पाहा, पण नीट वाचा. समजा एका विद्यापीठाचे ६ बसले आणि ४ पास झाले; ६७ टक्के दिसतात, पण त्यातून काहीच कळत नाही. दुसऱ्याचे ५०० बसले, १५० पास. ३० टक्केच, पण हा आकडा विश्वासाचा. किमान शंभरेक विद्यार्थी बसलेल्या आणि सलग तीन-चार फेऱ्यांत सरासरीच्या वर राहिलेल्या विद्यापीठांचीच तुलना करा. एका देशातल्या दोन विद्यापीठांत जो फरक सापडतो, तो बऱ्याचदा दोन देशांमधल्या फरकाहून मोठा असतो. देश शेवटी घेतो म्हणालो ते यासाठी.

पैशाकडे येऊ. पॅकेजच्या आकड्यात सहसा जेवण, विमानभाडं, दरवर्षीचं व्हिसा नूतनीकरण, विमा, थंडीचे कपडे, कागदपत्रांचं अपोस्टिल, कोचिंग आणि परत आल्यावर परीक्षेच्या तयारीतले महिने धरलेले नसतात. मी पॅकेजवर तीस टक्के वाढवून धरतो, तेव्हा खरा आकडा जवळ येतो. शिवाय फी बऱ्याचदा डॉलरमध्ये असते. २०१९ मध्ये डॉलर सत्तर रुपयांच्या आसपास होता, २०२४ संपता संपता पंच्याऐंशी झाला. विद्यापीठानं फी एका सेंटनं वाढवली नाही, तरी सहा वर्षांत तुमचा खर्च वीस टक्क्यांनी वाढू शकतो.

कर्जाचं गणित लोक मांडत नाहीत, म्हणून इथे पूर्ण मांडतो. दरवर्षी पाच लाख याप्रमाणे सहा वर्षांत तीस लाख उचलले आणि व्याज ११ टक्के धरलं. बँक साधारण शिक्षण संपल्यावर एक वर्षापर्यंत हप्ता मागत नाही, पण व्याज पहिल्या उचलीपासून चालू असतं. पहिल्या पाच लाखांवर सात वर्षांचं, दुसऱ्यावर सहा वर्षांचं, असं साध्या व्याजानं धरलं तरी पंधरा लाखांच्या जवळ जातं. हप्ता सुरू होतो तेव्हा डोक्यावर पंचेचाळीस लाख असतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिना साधारण ६२ हजार. आणि वेळापत्रक पुन्हा बघा: पदवीनंतर एक वर्ष संपतं तेव्हा मुलगी फार तर इंटर्नशिप करत असते, एखादा प्रयत्न हुकला तर अजून एफएमजीईचा अभ्यास करत असते. म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं हा हप्ता तुम्हालाच भरायचा आहे. तो तुमच्या आजच्या उत्पन्नातून निघतो का? निघत नसेल तर त्या कर्जावर सही करू नका. मोठ्या रकमेसाठी बँक तारण मागते, म्हणजे विकलं नाही तरी शेत अडकलेलंच.

शेत विकायचं म्हणत असाल तर सगळं एकदम विकून सहा वर्षांची फी आगाऊ भरू नका, सवलत दिली तरी नको. २०२० मध्ये कोविडमुळे चीनमधून परतलेल्या मुलांना २०२२ उजाडेपर्यंत, कित्येकांना त्याहून जास्त काळ, परत जाता आलं नाही. २०२२ च्या युद्धात युक्रेनमधून हजारो भारतीय विद्यार्थ्यांना अर्धवट अभ्यासक्रम सोडून यावं लागलं. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले झाले. दर वर्षाची किंवा सेमिस्टरची फी, विद्यापीठाच्या खात्यात, तुमच्या बँकेतून, मुलीच्या नावाचा उल्लेख करून, आणि पावती विद्यापीठाची. एजंटची सेवा फी वेगळी, लेखी करारावर. एका आर्थिक वर्षात दहा लाखांपेक्षा जास्त रक्कम स्वतःच्या पैशातून पाठवलीत, तर वरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे बँकेनं आगाऊ घेतलेला कर, कापला जातो. तो रिटर्न भरून परत मिळतो, पण रोख काही महिने अडकते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही.

इंटर्नशिपबद्दल एक बारीक गोष्ट. भारतात परदेशी पदवीधरांना इंटर्नशिपसाठी मेडिकल कॉलेजच्या मंजूर जागांच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच घेतात. मोठ्या निकालानंतर रांग लागते, आणि शहरातलंच कॉलेज हवं म्हणाल तर आणखी थांबावं लागतं. दूरच्या जिल्ह्यातलं कॉलेज चालेल अशी तयारी असेल तर वेळ वाचतो. कागदांच्या बाबतीत प्रवेशपत्र, दर वर्षाचं मार्कशीट, फीच्या पावत्या, व्हिसा आणि पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के, हे सगळं पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये आणि स्कॅन करून ठेवायचं. मुलगी प्रत्यक्ष तिथे राहून शिकली हे त्यावरूनच सिद्ध होतं. जुना पासपोर्ट संपला म्हणून टाकून देऊ नका.

जेवण, थंडी, सुरक्षितता यावर पालक सगळ्यात जास्त विचारतात. माझ्या मते ते सगळ्यात लवकर सुटतं. मुली चार महिन्यांत रुळतात, स्वतः शिजवतात. त्यासाठी देश नाकारू नका आणि त्यासाठी निवडूही नका. नेपाळ आणि बांगलादेश जवळचे वाटतात, अभ्यासक्रम, पुस्तकं आणि रुग्ण आपल्यासारखे असल्यानं एफएमजीईला तिथली मुलं सहसा बरी असतात, पण खर्च तुमच्या आकड्याच्या बराच वर जातो. फिलिपिन्सचा चार वर्षांचा एमडी (तिथली मूळ वैद्यकीय पदवी) ४८ महिन्यांचा भरतो, आणि त्याआधीचा बीएस हा पूर्वअभ्यासक्रम एनएमसी धरत नाही, म्हणून तो रस्ता टाळा. जर्मनीत शिक्षण जर्मनमध्ये. तिथेच राहायचं असेल तर उत्तम, परत येऊन भारतात प्रॅक्टिस करायची असेल तर माध्यमाची अट आडवी येते.

तुमच्या दोन पॅकेजांपैकी निवडायचंच झालं, तर पाच वर्षांच्या किर्गिझ अभ्यासक्रमाला माझा सरळ नकार आहे. रशियातलं विद्यापीठ सहाही वर्षं इंग्रजीत शिकवत असल्याचं पत्र देत असेल, तक्त्यात त्याचे दोन-तीनशे विद्यार्थी बसून निकाल सरासरीच्या वर असेल, हप्ता तुमच्या घरून तीन वर्षं निघू शकत असेल आणि मुलगी स्वतः, तुमच्या समोर नाही तर एकटी विचारल्यावर, सहा वर्षं दोन अभ्यास आणि एक भाषा करायला तयार असेल, तर जाऊ द्या. यातली एखादी गोष्ट नसेल तर मी तुमच्या जागी असतो तर आधी कॅपचे सगळे राउंड खेळलो असतो, आणि विषयवार गुण साथ देत असतील तर एक वर्ष रिपीट करू दिलं असतं. त्या कन्सल्टन्सीला ५० हजार न देता फक्त विद्यापीठांची पूर्ण नावं आणि अधिकृत ईमेल मागा.

तिची ऑल इंडिया रँक, तिन्ही विषयांचे गुण, हा कितवा प्रयत्न आहे, आणि दोन्ही विद्यापीठांची नावं लिहिलीत, तर कॅपमध्ये कुठपर्यंत आशा धरावी आणि निकालाच्या तक्त्यात ती विद्यापीठं कुठे बसतात, यावर नेमकं सांगता येईल.